पायातला तिसरा स्क्रू

तीर्थरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा पुरता वाकत नाही, तेव्हा एक अंग कमी धरावं.) तुमची शुगर कशी आहे? ताईचा आवाज फोनवर खणखणीत येतो, त्यावरून तिची तब्येत कळतेच. तुमची विचारायची राहून जाते, कारण ती फोन तुमच्या हाती देत नाही. म्हणून हे पत्र.

चौदा वर्षांपूर्वी तुमच्या घरचा माळा बसवताना मी शिडीवरून पडलो आणि तेव्हापासून हाडात एक पट्टी आणि सहा स्क्रू घेऊन हिंडतोय, हे तुम्हाला माहीतच आहे. (ताई विसरू देत असेल असं वाटत नाही.) गेल्या महिन्यात नडगीवर टेंगूळ आलं. मी म्हटलं, डास चावला असेल. बायको म्हणाली, डास महिनाभर एकाच जागी चावतो का. दोन मलमं संपली आणि टेंगूळ टोकदार झालं, तेव्हा तिने मला रेटून दवाखान्यात नेलं. हाडांचे डॉक्टर तरुण आहेत, मी पडलो तेव्हा शाळेत असतील. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, तिसरा स्क्रू बाहेर येतोय, पट्टीसकट सगळं काढावं लागेल. भाऊजी, तीस वर्षं सुतारकाम करतोय. मी बसवलेल्या दाराचा स्क्रू कधी सुटला नाही, आणि माझ्याच पायातला सुटावा? त्यात ते पुढे म्हणाले की पट्टी जुन्या घडणीची आहे, तिच्या स्क्रूला लागणारा पाना हल्ली सहज मिळत नाही, शोधावा लागेल.

आता पाना नाही म्हणून सुतार अडून बसतो का? एक्स-रे घेऊन तडक कारखान्यात गेलो. फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली, स्क्रूचं डोकं मोजलं, आणि पोलादी सळई कानशीने घासत दोन दिवसांत पाना तयार केला. लाकडी मूठ बसवली, तिला तीन हात पॉलिशही दिलं. (शेवटी माझ्याच पायात जायचा होता.) फडक्यात गुंडाळून डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, कामाची तारीफ केली, आणि मग हळूच सांगितलं की एक्स-रेत सगळं असतं त्याहून मोठं दिसतं. या पान्याला घोड्याचा पाय लागेल. नर्स खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेली. खरा पाना त्यांनी दुसऱ्या हॉस्पिटलातून मागवलाय.

ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. कमरेखालीच बधिर करणार, म्हणजे मी शुद्धीत पडून सगळं ऐकणार. स्क्रू निघेनासा झाला की कारागीर तोंडातल्या तोंडात कसं ‘हं’ म्हणतो, ते मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकासमोर मी ते जन्मभर दाबत आलोय. ते मला टेबलावर ऐकायचं नाही. भीती वाटते, भाऊजी. बायकोला म्हटलंय, किरकोळ काम आहे. ती मान डोलावते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन डोळे पुसते.

ताईस नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता.क. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘रुग्णासोबतची जबाबदार व्यक्ती’ अशी एक ओळ आहे. तिथे मी तुमचं नाव लिहिलं. बायको माझ्याकडे बघतच राहिली. गुरुवारी सकाळी सातला या, सही करा, आणि मला आत नेईपर्यंत जवळ थांबा.

ता.क. २. तिला नवल वाटणारच. शिडी धरायला उभं केलेला माणूस शिडी सोडून निघून गेला, असं चौदा वर्षं घरात सगळे बोलतात. तुम्ही सांगत होतात की मीच तुम्हाला पेन्सिल आणायला पिटाळलं. ताईने मला खाटेवर विचारलं, तेव्हा मी उत्तर देण्याऐवजी कण्हलो. तेवढं काही दुखत नव्हतं. पिटाळलं मीच होतं, आणि पेन्सिल माझ्याच कानावर होती. तुम्ही पुन्हा कधी वाद घातला नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटतं. मला माफ करा.

ता.क. ३. ताईलाही सोबत आणा आणि हे पत्र तिला तिथेच मोठ्याने वाचून दाखवा. मात्र मला आत नेल्यावरच. तिथल्या दारावर ‘नातेवाइकांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे, मी स्वतः जाऊन बघून आलोय.