बुधवार-शनिवारचा नवरा

६ नोव्हेंबर, बुधवार

आज नाटकवाल्या कॉलेजच्या आत गेलो. पाटीवर विद्यापीठाचं प्रयोगकला केंद्र लिहिलंय, पण गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात तसं कोणी म्हणत नाही. दिवाळी झाली, तिलक आणि सूनबाई पुण्याला परत गेले, घरात पुन्हा माझाच खोकला. म्हणून चार-पाच दिवस तिथल्या गेटजवळच्या बाकावर बसून राहिलो होतो. आत पोरं गातात, नाचतात. माणसांचा आवाज कानावर पडतो — तेवढ्यासाठी.

रेणू मॅडम बाहेर आल्या. त्या तिथे नाटक शिकवतात, वयानं तिलकपेक्षा लहान. म्हणाल्या, काका, रोज बाहेर का बसता? विद्यार्थी आणि गावातले लोक मिळून नाटक करणार आहेत, एक म्हातारा हवाय. म्हटलं, मी एसटीत कंडक्टर होतो, मला 'पुढे सरका' एवढंच येतं. त्यांनी विचारलं, आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचतो ना?

पोचतो!

९ नोव्हेंबर, शनिवार

तालीम बुधवार-शनिवार, संध्याकाळी. गोष्ट साधी आहे. म्हातारा-म्हातारी सणाला मुलाची वाट पाहतात आणि वाट पाहता पाहता भांडतात. मुलगा काही येत नाही. म्हातारीचं काम गोमतीबाईंकडे. अंगणवाडीतून निवृत्त झाल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलाकडे राहतात. मला म्हणाल्या, देवरीच्या गाडीत तुमाले कितीदा पाह्यलं. मला काही आठवेना. बरं वाटलं मात्र.

१३ नोव्हेंबर, बुधवार

जमलं नाही. बायकोला हाक मारायची होती — 'आइकून राहिली का वो?' एवढंच वाक्य. तोंडातून निघेना. माझी बायको सुशीला गेल्यापासून ही हाक कोणाला मारलीच नाही. सगळे बघत होते. गोमतीबाई म्हणाल्या, राहू द्या, आज मी एकटीच भांडते, तुमी नुसते बसा. आणि खरंच भांडल्या, माझ्या वाट्याचंसुद्धा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

निघाली हाक.

२७ नोव्हेंबर, बुधवार

धानाची कापणी सुरू, गावातली निम्मी मंडळी गळाली. हॉल रक्तदानाला दिला होता, म्हणून आम्ही मागच्या मोहाच्या झाडाखाली तालीम केली. मॅडम म्हणाल्या, गावाला सांगा, हॉल कशालाही मागा, पण इथे या. त्यांना भीती आहे, माणसं आली नाहीत तर विद्यापीठ हे केंद्र गोंदियाला नेईल.

५ डिसेंबर, गुरुवार

काही नाही. भात, कालचंच वरण. फोन वाजला, कंपनीचा होता.

१४ डिसेंबर, शनिवार

तालमीनंतर गोमतीबाई चौकापर्यंत सोबत चालत आल्या. काय जेवता म्हणून विचारलं. खरं ते सांगितलं. त्यांचंही समजलं. मुलगा गुड्डू राइस मिलमध्ये मुनीम, सून ओमेश्वरी शिवणकाम करते, टीव्ही सदा सुरू. म्हणाल्या, "घर भरलं हाये, पन माह्याशी बोलाले कोनी नाई. इथं येऊन मी हप्त्याभराचं बोलून घेते."

मला वाटत होतं, रिकाम्या घरातच असं होतं.

२१ डिसेंबर, शनिवार

दाढी रोज करायला लागलोय. कोणासाठी, ते लिहीत नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

सलूनवाल्या भैय्यालालनं दुकानात सगळ्यांसमोर 'नवरदेव' म्हटलं. लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. दुपारी तिलकचा फोन — त्याच्यापर्यंत पोचलंच होतं. म्हणाला, बाबा, या वयात बरं दिसत नाही. म्हटलं, अरे नाटक आहे ते.

फोन ठेवला आणि लक्षात आलं, अर्धंच खरं सांगितलं.

१ जानेवारी, बुधवार

गोमतीबाई आल्या नाहीत. गुड्डूनं त्यांचं येणं बंद केलं म्हणे. रेणू मॅडम घरी जाऊन आल्या. त्यानं पाणी विचारलं, नाटकाचा विषय टाळला. आता म्हातारीचं काम खुशी करणार. बीएची पोरगी, डोक्याला पांढरी पावडर लावून उभी राहिली. गुणी आहे. पण मी 'वो' म्हणालो आणि लाज वाटली.

८ जानेवारी, बुधवार

मॅडमना म्हटलं, मला सोडा. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही सुटलात तर नाटकच सुटलं. मग परत तालमीत उभा राहिलो. म्हातारा मुलाची वाट पाहतो तो प्रवेश आता फार चांगला होतो म्हणतात. होणारच.

१८ जानेवारी, शनिवार

प्रयोग झाला. उशीर झालाय, पण लिहायचंच आहे.

हॉल भरला होता. खेड्यांतून ट्रॅक्टरवर बसून लोक आले. मी विंगेत उभा, धोतराचा सोगा धरून. पडदा उघडायच्या आधी मागच्या दारातून ओमेश्वरी आत आली, मागे गोमतीबाई. सुनेनं स्कूटीवर आणलं होतं. मॅडमना म्हणाली, "मी आनली. घरी काय व्हायचं ते माह्यावर." खुशीनं लुगडं सोडून त्यांच्या हातात दिलं.

आम्ही भांडलो. लोक पोट धरून हसले. शेवटी मुलगा येत नाही हे कळतं. तेव्हा भैय्यालाल पुढच्या रांगेतून उठून बाहेर गेला — त्याचा मुलगा हैदराबादला असतो, त्याला फोन लावायला. मला नंतर कळलं.

गुड्डू अर्ध्यातच आला होता, आईला न्यायला. दाराशी उभा राहिला. शेवटपर्यंत उभाच होता.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी गुड्डू घरी आला. चहा घेतला नाही. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "काका, नाटक चांगलं झालं. पन आता संपलं. चौकातही माह्या आईसोबत दिसू नका." मी मान हलवली.

२२ जानेवारी, बुधवार

पाय सवयीनं तिकडेच गेले. पोरं नेपथ्य उतरवत होती. आमची चूल पुठ्ठ्याची, उलटी पडली होती. मॅडम आनंदात — केंद्र इथेच राहतंय, पुढच्या नाटकाला गावातून खूप जणांनी नावं दिलीत. मलाही विचारलं. पाहू म्हणालो.

घरी आलो. दिवा लावायचंही सुचलं नाही बराच वेळ.

२५ जानेवारी, शनिवार

गेलो नाही.

२९ जानेवारी, बुधवार

गेलो नाही. कोणाशी बोललो नाही. दूधवाल्याशीही नाही, पातेलं बाहेर ठेवलं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

गोमतीबाई आल्या. भरदुपारी, बाजाराच्या रस्त्यानं, सगळ्यांदेखत. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "लोक तं बोलूनच राहिले. आपन आता लग्न करून टाकू."

मी विचारलं, गुड्डू?

"त्याले सांगून आली."

मी हो म्हणालो.