पायांतले बूट काढू नयेत, हे कलम रद्द

मी, खाली सही करणार, वय एक्क्याऐंशी, धंदा बूट शिवणे (हात थरथरू लागल्यापासून बंद), हे शेवटचे इच्छापत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. पुढे ‘अक्कलहुशारीने’ असेही लिहितात. ते मी लिहीत नाही, कारण कलम तीनमध्ये कळेल. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो चुटकीसरशी मिळाला. वार विचारला, मुले किती ते विचारले, झाले. पायांपर्यंत मात्र दवाखान्यात अजून कोणी पोचलेले नाही.

कलम १. घर, म्हणजे पुढचे दुकान आणि मागची खोली, माझ्या मुलीला. मुलाने हरकत घेऊ नये. तो दूर असतो, सुट्टीच्या दिवशी फोन करतो आणि “बाबांना चांगल्या डॉक्टरला दाखव” असे तिला सांगून मोकळा होतो. त्या चांगल्या डॉक्टरसाठी किती उंबरे झिजवावे लागतात, ते त्याने एकदा तिच्याबरोबर हिंडून पाहावे. त्याला माझे मनगटी घड्याळ द्यावे. वेळेवर येण्याची सवय लागली तर लागेल.

कलम २. बुटाला आकार देणारे लाकडी फर्मे, आरी, कातडे कापायची रापी आणि शिलाई मशीन जिन्याखालच्या शिंप्याला. रापीला त्याने स्वतः धार लावू नये, बोट कापून घेईल.

कलम ३. यात द्यायचे काही नाही. असे कलम चालते का, म्हणून वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “काका, लिहून टाका, हलकं वाटेल.” अजून तरी वाटलेले नाही.

माझ्या पायांची नखे जाड होऊन वाकडी वाढली आहेत. मला वाकता येत नाही आणि मुलीला मी मोजे काढू देत नव्हतो. धुण्यातल्या मोज्यावर रक्ताचा डाग दिसला तेव्हा तिला कळले. काम एवढेसे, पण ते कोणाचे हेच ठरेना. जवळच्या दवाखान्यात म्हणाले, नखे आमच्याकडे नाहीत, मोठ्या दवाखान्यात जा. तिथे कातडीवाल्यांनी हाडवाल्यांकडे पाठवले. हाडवाले म्हणाले, जवळच्या दवाखान्याची चिठ्ठी आणा. फोन लावला की आधी गाणे, मग थांबा, मग फोन बंद. मुलगी छापखान्यात पुस्तके बांधते. दर खेपेला तिची अर्धी रजा गेली.

शेवटी मोठ्या दवाखान्याच्या खिडकीपाशी तिचा आवाज चढला. “माझ्या बाबांना पाऊल टाकवत नाही, आणि तुम्ही मला नुसत्या खिडक्या दाखवताय!” ती कोणावर ओरडल्याचे मी जन्मात पाहिले नव्हते. खिडकीतल्या बाईंनी आम्हाला आत सोडले.

आत तरुण डॉक्टर होते. खाली बघून म्हणाले, “आजोबा, बूट झकास आहेत हो! कुठून घेतले?”

“मीच केलेत.”

हात थरथरत असतानाही खपून ते बूट मी नखे लपवायलाच केले होते. पुढचा भाग फर्म्यावर ताणून उंच केला, आत मऊ अस्तर घातले, चाल लंगडी दिसू नये म्हणून टाच बदलली. हे मुलीला इथे वाचूनच कळेल. जन्मभर लोकांची पावले मांडीवर घेतली, भेगा, कुरुपे, सगळे पाहिले, कधी नाक मुरडले नाही. स्वतःचे पाय उघडे करायची मात्र लाज वाटली. डॉक्टर म्हणाले, “चालून दाखवा.” मी ऐटीत चाललो.

“काही त्रास?”

“छे! पोरगी उगाच काळजी करते.”

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डॉक्टरांनी बूट काढायला न सांगताच तिला समजावले की, घरचे लोक कधीकधी फार घाबरतात. बाहेर पडताना त्याच खिडकीसमोरून जायचे होते, तेव्हा तिची मान खाली होती. मी तिला तोंडघशी पाडले. रस्त्यावर आल्यावर तिने एवढेच विचारले, “बाबा, दमलात का? गाडी करू?” ती माझ्यावर ओरडली असती तर बरे झाले असते. त्या दिवसापासून मला तिच्याकडे सरळ बघवत नाही.

कलम ४. जुन्या मसुद्यात असे होते: ‘मी गेल्यावर माझ्या पायांतले बूट काढू नयेत.’ हे कलम रद्द. काल तो मसुदा मुलीच्या हाती लागला. ती पातेल्यात कोमट पाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. “मेल्यावरसुद्धा बघू द्यायचं नाही होय? मग आत्ताच बघते.” मी मोजे काढले. तिने पाय पाण्यात ठेवले आणि नखे मऊ होईतो माझी पावले धरून बसली. कात्री तरीही चालली नाही.

त्याच खिडकीवर तिने पुन्हा नंबर लावला आहे. कोणत्या तोंडाने लावला असेल, ते मला विचारवले नाही. उद्या मी चपला घालून जाणार आहे, मोज्यांशिवाय. आधी खिडकीतल्या बाईंना पाय दाखवीन आणि सांगीन, त्या दिवशी पोरगी खरे बोलत होती, खोटे मी बोललो.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: तपासणीचा आदला दिवस

सही: लिहून ठेवणार, बूटवाला

साक्षीदार:
१. वकीलबाई (सही)
२. समोरचे औषधवाले (सही)

मुलीला घर मिळायचे असल्याने साक्षीदार म्हणून तिची सही घेतलेली नाही. उद्या जे घडेल त्याला मात्र साक्षीदार तीच.