युरिया, प्रगती आणि मी

३ सप्टेंबर
युरिया टाकला. शेजारची नायरी कुंपणावरून ओरडली, "गॉर्डन, पाऊस येतोय, फुकट जाईल सगळा!" ही बाई खताऐवजी क्लोव्हर नावाचा घास पेरते, म्हणे त्यानेच जमिनीला नत्र मिळतं. गवताला गवत घालते. कॅन्टरबरीत आम्ही तीन पिढ्या गाई पाळतोय. आजोबा शेण पसरायचे. बाबांनी विमानातून सुपरफॉस्फेट टाकलं. मी युरिया आणला. याला प्रगती म्हणतात.

४ सप्टेंबर
धो धो पाऊस. फुकट काही गेलं नाही, जमिनीत मुरलं. मुरायलाच टाकतात.

९ सप्टेंबर
आणखी थोडा टाकला. सरकारने म्हणे मर्यादा घातली आहे. राजधानी वेलिंग्टनच्या बाबूंना गाय कुठल्या टोकाने चरते ते तरी माहीत आहे का?

१५ सप्टेंबर
शेतकऱ्यांची मीटिंग. 'देशाची खतं: काल आणि आज' या विषयावर बोललो. टाळ्या कमी पडल्या, कारण सगळ्यांच्या हातात सॉसेज रोल होते. नायरीने विचारलं, "आणि तुझ्या विहिरीचं पाणी?" म्हटलं, "गोड आहे, येऊन पी." सगळे हसले. तिलाच हसले असणार.

२२ सप्टेंबर
लेक किर्स्टी तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली. नातू थेट माझ्यावर गेलाय. पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध बाटलीने पितो. आल्या आल्या किर्स्टीने विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं. तोवर म्हणे विकतचं पाणी! शहरात राहून माणूस बिघडतो.

२९ सप्टेंबर
रिपोर्ट आला. पाण्यात नायट्रेट बेसुमार. लॅबची चूक. नाहीतर नायरीच्या शेतातून झिरपलं असेल. किर्स्टी म्हणाली, "बाबा, ती युरिया टाकतच नाही." म्हटलं, उकळून घ्या. फोनवर नर्स म्हणाली, उकळून उलट वाढतं, तान्हं बाळ निळं पडू शकतं. मी ग्लासभर पिऊन दाखवलं. निळा पडलो नाही. बायको लोर्नाने बॅग भरायला घेतली.

३० सप्टेंबर
किर्स्टी आणि बाळ नायरीकडे. तिच्याकडे पावसाच्या पाण्याची टाकी आहे. लोर्नाही 'मदतीला' गेली. घर शांत. बरंच झालं. भरपूर वाचन होईल.

२ ऑक्टोबर
वाचन झालं नाही.

४ ऑक्टोबर
नायरीकडे गेलो. सहज. दार उघडून म्हणाली, "गमबूट बाहेर काढ. आधी हात धू, मग नातवाला घे." साबण लावून धुतले. बाळाने माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. "आण इकडे," नायरी म्हणाली. तिच्या खांद्यावर लगेच गप्प.
निघताना लोर्नाने पाण्याचा कॅन हातात दिला. "तूही आता हेच पी."
जड होता. घरी पोचेपर्यंत दोनदा खाली ठेवावा लागला.