चोल्वे गप्प का बसली

मोंझे, १४ जून

चिरंजीव मुनसाका यास बापाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. पांढरी गाय व्यायली, कालवड झाली. आईने भुईमूग वाळत टाकलाय, तुमच्या वाटणीचा बाजूला ठेवलाय. सूनबाईचा खोकला कसा आहे? अक्षर तुला अनोळखी वाटेल, त्याचं पुढे सांगतो.

तू कळवलंस, तुझी चोल्वे पुन्हा नापास झाली, तर आता शाळा पुरे, तिला किटवे शहरात पाठवा, तिथे मावशीची पोरं सांभाळेल. पण शाळेत हिमोंडेबाई येतात. शिकताना अडखळणाऱ्या मुलांची तपासणी करतात. म्हटलं, आधी ती होऊ दे.

आदल्या दिवशी मीच पोरीला बजावलं, मोठ्यांपुढे शहाणपणा करायचा नाही. झालं! बाईंनी कोंबडीचं चित्र दाखवून विचारलं, हे काय? चोल्वे मान खाली घालून गप्प. बैल दाखवला, गप्प. घागर दाखवली, गप्प. मोठ्या माणसाला समोर दिसतंय ते लहानाने त्याला सांगायचं नाही, ही आपली रीत. दाराशी बसून मी घामाघूम.

पण बाई चोमा गावच्या, आपल्यातल्याच, त्यांना ही रीत ठाऊक. त्यांनी कोंबडीचं चित्र पुन्हा उचललं आणि फक्त पोरीलाच दिसेल असं धरलं. म्हणाल्या, "मला इथून दिसत नाही गं. तू सांग."

"कोंबडी आहे, बाई. पण हिला मागचं नखच नाही. फांदीवर बसणार कशी?"

मग पोरगी जी सुटली, ती थांबेना. ठोकळे रचले, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली. फक्त छापील ओळ समोर आली की पाय रुतल्यासारखी अडकायची.

बाई म्हणाल्या, डोकं तल्लख आहे, आळस तर मुळीच नाही. अक्षरं तिच्या हाती लागत नाहीत, एवढंच. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरा, मोठ्याने वाचून घ्या, वेळ जास्त द्या. परीक्षेतही तिला जादा वेळ द्यायला हेडमास्तर तयार आहेत.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का?

मी गाय व्यायल्याचं सांगू लागलो.

चोल्वेने माझी बाही ओढली. "सांगा ना, आजोबा. बाईंना इथून दिसत नाही."

तर मुनसाका, चर्चमध्ये मी पुस्तक नुसतं हातात धरतो, गाणी मला पाठ आहेत. तुला आलेली सगळी पत्रं शेजारच्या मास्तरांच्या हातची. मी बोलायचो, ते लिहायचे. पिठाच्या पोत्यांवरची अक्षरं बघून चोरून जेवढं शिकलो, तेवढंच माझं. हे पत्र मात्र मी लिहितोय, कितीतरी संध्याकाळी लागल्या. चोल्वे पट्टी धरते. दोघं मिळून अडखळतो, दोघं मिळून हसतो.

तिला नेऊ नकोस, बाळा.

उत्तर मोठ्या अक्षरांत लिही. या वेळी मास्तरांकडे नेणार नाही. आम्ही दोघंच वाचू.

तुझा बाप,
हामूंगा, स्वतःच्या हाताने