छापून झालेलं वर्ष

३ नोव्हेंबर, सकाळी दहा

यंदाचं वार्षिक पत्र लिहायला घेतलं. चौसष्ट प्रती. गेल्या वर्षी एकसष्ट होत्या. दोघं वारले, पाच नवे जोडले. लोक वाट बघतात. थोरल्या जाऊबाई म्हणतात, चार पानं कोण वाचतं गं हल्ली. त्या स्वतः वाचतात आणि चुका काढायला फोन करतात. म्हणजे एक वाचक तरी पक्का.

पत्राचे तीन भाग, शाळेत सिस्टरांनी शिकवले तसे: काम, प्रवास, पुढचा बेत. पद्धत मात्र ऑफिसातली. तेहेतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा अधीक्षक म्हणून. मार्चअखेरचा वार्षिक अहवाल आम्ही जानेवारीत छापायला देत होतो. उरलेले दोन महिने खातं अहवालाप्रमाणे वागायचं. एकदाही शुद्धिपत्र काढावं लागलं नाही. घरालाही तेच लागू. वर्ष संपायची वाट बघत बसलं तर पत्र कधी जाणार?

सगळं भूतकाळात लिहायचं. भविष्यकाळात लिहिलं की पत्राचा अर्ज होतो.

४ नोव्हेंबर

मुख्य बातमी लिहून झाली. हे ३१ जानेवारीला रिटायर होतात. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत अडतीस वर्षं. १५ फेब्रुवारीला आम्ही दोघं आगगाडीने तीन महिन्यांच्या प्रवासाला निघतो. त्यानंतर कायम एकत्र, घरी.

मी रिटायर होऊन चार वर्षं झाली. वाट बघत होते अशातला भाग नाही. मला भरपूर कामं असतात.

आज दिवसभरात मी तीनदा बोलले. त्यातले दोन राँग नंबर. एक बाई चांगली होती, पण तिला घाई होती.

५ नोव्हेंबर

संकल्प: हे संध्याकाळी आले की निदान बूट काढेपर्यंत बोलायचं नाही.

५ नोव्हेंबर, संध्याकाळी सात

डावा बूट निघाला होता. पण गॅसची शेगडी नीट पेटत नाही हे सांगणं आवश्यक होतं. शेगडीवरून शेजारीणबाईंवर गेले, तिथून मुलावर. उद्यापासून.

१६ नोव्हेंबर

ह्यांच्यावरचा परिच्छेद चारदा लिहिला. त्यांच्याबद्दल लिहिणं सोपं नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि माणूस अजून 'बरं' आणि 'बघू' या दोन शब्दांवर संसार करतो. शेवटी असं लिहिलं: 'शहरातल्या जुन्या लिफ्ट नुसत्या आवाजावरून ओळखणारा हा शेवटचा माणूस. त्यांच्यानंतर कंपनीचं कसं होणार, ही चिंता आम्हालाही आहे.' चिंता वगैरे काही नाही. पण वाक्याला वजन आलं.

त्यांना वाचून दाखवलं. 'बरं' म्हणाले.

२४ नोव्हेंबर

पत्र छापून आलं. कागद उत्तम. छापखानेवाला म्हणाला, बाई, यात ११ डिसेंबरचा सूर्यास्त बघितल्याचं आहे, आज तर चोवीस नोव्हेंबर. म्हटलं, तुम्ही छपाईचं बघा, सूर्याचं मी बघते.

१ डिसेंबर

मुलाचा फोन. परगावी औषध कंपनीत आहे. पत्रात तो विभागप्रमुख झालेला आहे. आज निकाल लागला, त्याच्या ऐवजी दुसऱ्याला केलं. म्हटलं, घाबरू नकोस, पत्रं वीस तारखेला पोस्टात पडणार आहेत, हातात एकोणीस दिवस आहेत. तो मग म्हणाला, आई, मी नोकरी शोधतोय, आणि हे तुझ्या पत्रात घालू नकोस. म्हटलं, घालायला जागाच नाही, छापून झालंय. फोन ठेवला. त्याने.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण आईने खंबीर राहायला हवं.

१० डिसेंबर, दुपार

समुद्रकाठी पोचलो. पत्राप्रमाणे मुक्काम दहा दिवसांचा. खोली स्वच्छ, खिडकीतून पाणी दिसतं. हे गुडघाभर पाण्यात उभे आहेत, फोन डोक्यावर धरून. रेंज तिथेच येते म्हणे. मी वाळूत बसून हाका मारते आहे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई नवऱ्याला बुडण्यापासून वाचवते आहे.

११ डिसेंबर, सकाळी नऊ

एका हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे. यांना बोलावलं. म्हटलं, कंपनीत दुसरं कुणी नाही का? म्हणाले, आहेत, पण ती लिफ्ट माझी आहे. इतक्या प्रेमाने 'माझी' म्हणताना चौतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

दुपारची गाडी. निघायच्या आधी तीन तासांत मी पाच वेळा कपडे बदलले आणि त्यांनी माझे पाच फोटो काढले. मग त्यांचे शर्ट बदलून त्यांचे पाच. दहा दिवस झाले. सूर्यास्त तेवढा राहिला. एका हॉटेलवाल्याच्या भिंतीवर रंगवलेला होता, तो घेतला.

२० डिसेंबर

पत्रं पोस्टात टाकली. एक प्रत यांच्या मॅनेजरलाही. निरोप समारंभाच्या भाषणात त्यांना माझी वाक्यं वापरता येतील.

यंदाचं वर्ष एकंदरीत चांगलं गेलं.

२८ डिसेंबर

थोरल्या जाऊबाईंचा फोन. चार चुका काढल्या. मग म्हणाल्या, भाऊजी घरी बसणार म्हणजे तुझी मज्जा आहे बाई. आमचे सहा वर्षांपासून घरी आहेत, मी गच्चीवर जाऊन बसते. हसल्या. म्हटलं, प्रत्येकाचं नशीब. मीही हसले.

गच्चीवर बसायचं कारण काय? मला कळलं नाही.

६ जानेवारी

हे उशिरा आले. मॅनेजरने थांबवून घेतलं होतं. माझं पत्र त्याने ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या परिच्छेदावर म्हणे बराच वेळ बोलणं झालं. मी विचारलं, समारंभाचं ना? म्हणाले, साधारण.

लेखणीत ताकद असते ती अशी.

८ जानेवारी

हे आज पुन्हा मॅनेजरकडे गेले होते. जेवताना दोनदा माझ्याकडे बघितलं आणि दोनदा 'बघू' म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं. निरोपाची वेळ जवळ आली की माणूस हळवा होतो. त्यांच्यासाठी आभाराचं भाषण लिहायला घेतलं आहे.

१५ जानेवारी

भाषण पूर्ण. साडेसहा मिनिटं. 'आता माझा सगळा वेळ माझ्या पत्नीचा' या वाक्यानंतर टाळ्यांसाठी थांबायची खूण केली आहे. त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. त्या वाक्याला दोन्ही वेळा त्यांना ठसका लागला. पाणी जवळ ठेवायला हवं.

१९ जानेवारी

रिटायरमेंटनंतरचं वेळापत्रक तयार केलं. साडेसहा फिरणं (दोघं). आठ, पेपर, मोठ्याने (त्यांनी वाचायचा, मी मत द्यायचं). दहा, बाजार (दोघं). दुपारी पत्ते. चार वाजता बाल्कनी. पाच ते सात गप्पा. टाइप करून फ्रिजवर लावलं.

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. म्हणाले, यात मी एकटा कधी आहे? म्हटलं, अंघोळीला अर्धा तास दिला आहे. म्हणाले, बरं.

गप्पा दोन तास पुरतील का, शंका आहे. तीन करावेत.

२७ जानेवारी, दुपारी चार

पाहुण्यांची यादी मागायला मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, कसला समारंभ वहिनी, साहेबांनी तर दोन वर्षांची मुदतवाढ घेतली. आणि वर म्हणाला, खरं म्हणजे तुमच्याच पत्रामुळे आमचे डोळे उघडले. एवढा माणूस आम्ही सोडायला निघालो होतो.

मी त्याचे आभार मानले. कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचा एवढाच उपयोग. घर पेटलं तरी मुलगी आधी 'थँक यू' म्हणते.

२७ जानेवारी, संध्याकाळी आठ

ते आले. मी बोलले नाही. दोन्ही बूट निघाले. मोजेही निघाले. मग विचारलं, "सही कधी केली?"

"आठ तारखेला."

"आणि मी नंतर आठवडाभर ते भाषण लिहीत होते तेव्हा?"

"चांगलं झालंय भाषण," म्हणाले.

त्यांच्यावर भांडं फेकावं असं वाटलं. जवळ फक्त फुलदाणी होती, आणि ती माझ्या निरोप समारंभात मिळालेली. म्हणून राहिलं. कंपनीने जबरदस्ती केली का, विचारलं. नाही म्हणाले. पैशाची अडचण आहे का? नाही. मग मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. "माझ्याबरोबर घरी राहायचं नाहीये का तुम्हाला?"

ते खुर्चीत बसले. मोज्याची गुंडाळी करत राहिले. एवढं सलग ते आयुष्यात बोलले नव्हते, म्हणून जसंच्या तसं लिहून ठेवते.

"तू दारातच उभी असतेस. दिवसभराचं साठवलेलं मला बूट काढायच्या आत सांगायचं असतं तुला. चूक नाही ती तुझी. दुसरं कोण आहे तुला. पण जिना चढतानाच मला धास्ती वाटते गं. लिफ्ट बंद पडली तर मला कळतं काय करायचं. तुझं काय करायचं ते मला कळत नाही."

म्हटलं, मला दुरुस्तीची गरज नाही. 'बरं' म्हणाले. मग पानं वाढली. शेगडी नीट पेटत नाही हे मी सांगितलं नाही. तीन महिने झाले, अजून पेटत नाही.

२८ जानेवारी

शुद्धिपत्र काढायचं ठरवलं. मसुदा एक: 'सेवानिवृत्ती काही अपरिहार्य कारणास्तव पुढे ढकलली आहे.' लोक विचारतील, कारण काय. मसुदा दोन: 'कंपनीच्या आग्रहास्तव.' आग्रह कुठला, एकदा विचारलं आणि यांनी सही केली. मसुदा तीनमध्ये खरं लिहिलं. दीड ओळीत झालं. एवढं थोडक्यात मला कधी जमलं नव्हतं. फाडून टाकलं.

२९ जानेवारी

नवा निर्णय. शुद्धिपत्र नाही. तेहेतीस वर्षांत काढलं नाही, आता काढणार नाही. १५ फेब्रुवारीपासून मी प्रवासात आहे. तीन महिने घराबाहेर पडायचं नाही, पडदे ओढलेले, फोन उचलायचा नाही. मे महिन्यात परत यायचं. पुढचं पुढे. सराव म्हणून फोन उद्यापासूनच बंद.

वेळापत्रक फ्रिजवरून काढलं नाही. एकटीनेही पाळता येईल. पत्ते सोडून.

३० जानेवारी

आज फोन वाजला नाही. त्यामुळे सराव झाला नाही.

मुलाला मीच केला. नोकरी मिळाली का विचारलं. नाही अजून, म्हणाला. म्हटलं, मिळेल. आणि गप्प बसले. त्याने विचारलं, आई, तुला बरं आहे ना?

३१ जानेवारी

हे नेहमीच्या वेळी गेले, नेहमीच्या वेळी आले. मी आतल्या खोलीत बसले होते. दार त्यांनी स्वतःच्या किल्लीने उघडलं. बाहेरच्या खोलीत आधी एक बूट, नंतर दुसरा निघाल्याचा आवाज आला. मग त्यांनी हाक मारून विचारलं, आहेस ना घरात?

'आहे' म्हटलं. नंतर ते निवांत पेपर वाचत बसले.

१ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

हे सव्वासातला कामावर गेले. साडेनऊला फोन वाजला. उचलायचा नव्हता. दुसऱ्या रिंगला उचलला.

थोरल्या जाऊबाई. आज पहिला दिवस ना गं, कसं वाटतंय घर? म्हटलं, भरल्यासारखं. म्हणाल्या, दे की भाऊजींना, अभिनंदन करते. म्हटलं, बाल्कनीत आहेत, कुंड्यांना पाणी घालताहेत. म्हणाल्या, मग बोलव ना, मी थांबते.

आणि त्या थांबल्या.

मी फोन टेबलावर ठेवला, बाल्कनीच्या दारापर्यंत गेले आणि जाऊबाईंना नीट ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "अहो, तुमचा फोन आहे."

मग तिथेच उभी राहिले. माणसाला हातातलं काम टाकून यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ.