गुलाबी सांधे

११ जून, दुपार

सूनबाई म्हणावं तर तुम्ही माझ्या सूनबाई नाही, लेक म्हणावं तर लेकही नाही. तेव्हा मायना राहू दे, नुसताच आशीर्वाद घ्या.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. ठकूच्या आजोबांना आताशा अगदीच कमी ऐकू येतं, पण जेवायला हाक मारली की गल्लीच्या टोकावरूनही ऐकू जाते. तुमची बांधाबांध कुठवर आली? काचेच्या वस्तू जुन्या चादरींत गुंडाळा, वर्तमानपत्रावर विसंबू नका.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, खेळातल्या आगगाडीचे लाकडी रूळ ठकूसाठी नव्या गावी न्यायला द्याल का. मी 'बघू' म्हटलं आणि फोन ठेवला. आपटलाच म्हणा. आजोबा म्हणाले, "अगं, फोन आपला आहे, त्यानं काय केलंय तुझं?" त्याचंच उत्तर लिहायला बसलेय, पण आधी गेल्या रविवारचं सांगते.

आमच्याकडचे रूळ माझ्या लेकीचे, ती ठकूएवढी होती तेव्हापासूनचे. ती गेली, पुढे जावयांनी तुमच्याशी लग्न केलं, तरी दर रविवारी ठकू आली की पलंगाखालचं ते खोकं बाहेर यायचं. तुमच्या घरची गाडी प्लास्टिकची, तिचे रूळ करडे. ठकूला एकच ध्यास, दोन्ही जोडून मोठ्ठा गोल करायचा. आता ते जुळायचे कसे? आमच्या रुळाला एका टोकाला लाकडी बोंड, दुसऱ्या टोकाला खळगा. तुमच्या रुळांना चपट्या खिट्ट्या. वर उंचीतही फरक. नुसते टोकाला टोक लावून ठेवले तर गाडी सांध्यापाशी यायची आणि तोंडावर आपटायची. आजोबांनी एकदा कानस काढली, बोंड घासून बारीक करतो म्हणाले. मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. माझ्या लेकीच्या रुळांना कानस लावायची नाही, सांगून ठेवते! झालं, तो विषय तिथेच बंद.

मग मध्यंतरी त्यातला एक रूळ हरवला. मी घर डोक्यावर घेतलं. आजोबांच्या खिशांचीसुद्धा झडती घेतली, बिचारे मुकाट्यानं हात वर करून उभे राहिले.

रविवारी ठकूनं दप्तरातून तोच रूळ काढला. मापाला म्हणून गुपचूप तुमच्याकडे नेलेला. रुमालात गुंडाळलेला, त्याच्यावर एक ओरखडा नाही. त्याच्यामागून दोन तुकडे निघाले. मला वाटलं, कुणाची कवळी उचलून आणली की काय कार्टीनं! तसाच हिरड्यांचा गुलाबी रंग. तुम्ही दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवता एवढं ऐकून होते, पण त्या मसाल्यातून कुणी रुळांचे सांधे घडवील हे कुठून सुचणार मला? दोन करड्या रुळांची टोकं कापलेली, त्यांना गुलाबी जोड दिलेला, आणि उंची जुळावी म्हणून हलकासा उतार. आजोबा लगेच जमिनीवर पालथे झाले. त्यांना उठवायला नंतर शेजाऱ्यांना बोलवावं लागलं, ते वेगळं. म्हणाले, "वा! रुळांना कवळी बसली."

गाडी निघाली. करड्यावरून गुलाबीवर, गुलाबीवरून लाकडावर, कुठे अडखळली नाही. पलीकडून फिरून परतही आली. मी बघतच राहिले. एकच तुकडा केला असता तरी पोर खूश झाली असती, पण गाडी इकडे येऊन थांबली असती. माघारी जायला उलटा सांधा लागतो, एकाला बोंड तर दुसऱ्याला खळगा. तेही तुमच्या ध्यानात आलं. आपले चांगले नवेकोरे रूळ कापलेत आणि आमच्या जुन्याला नखसुद्धा लावलं नाहीत. अगं बाई, मला तुझा राग राग करायचा होता गं! तेवढंच तर माझ्यापाशी उरलं होतं. तेही सुखानं करू देईनास.

गाडी फिरत होती तेव्हा मी ठकूला म्हटलं, "हे लाकडी रूळ कुणाचे, ठाऊक आहे ना? तुझ्या आईचे."

"नाही गं आजी, आईचे हे," असं म्हणून तिनं करड्या रुळांवर बोट ठेवलं. मग मला नीट समजावं म्हणून म्हणाली, "लाकडाचे तुझे."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आजोबांना नाहीतरी ऐकू येत नाही, पण पोरीला ऐकू जायला नको.

तू तिला असं शिकवलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. माझ्या लेकीचा फोटो तुमच्या बैठकीत अजून आहे, ठकूच सांगते. पण ती गेली तेव्हा ही पोर धड बोलतही नव्हती. फोटोला कुणी आई म्हणतं का? जी तापात उशाशी बसते, वेणी घालते, तिलाच म्हणणार. म्हणायलाच हवं. सगळं कळतं गं मला. कळून काय करू, काळीज तुटायचं थांबत नाही.

फोन आपटला तो यासाठी. रूळ इथे आहेत तोवर ठकूला या घरी यायला काही कारण आहे, असं मी धरून बसले होते. ते गेले की माझ्या लेकीचं इथे कुणी हातात घेऊन हसावं असं काही राहत नाही. कपाटात साड्या आहेत, त्या मी उघडून बघत नाही.

रूळ बांधून ठेवलेत. सगळे. शनिवारी जावयांना पाठव. हे तुझ्या खऱ्या आईचे, असं ठकूला पढवू नकोस. मोठी होऊन विचारलंच तर सांग. नाही विचारलं तर नाही, खेळू दे तिला.

निरोप द्यायला मी येणार नाही. तिला काहीतरी निमित्त सांग. खरं काय ते तुला सांगते. ती रडली तर तिला मी कशीही समजावीन. पण हसत हसत हात हलवून निघून गेली, तर मला घरी कोण आणणार?

तू मात्र स्वतःला जप. आता तुला आजारी पडून चालायचं नाही.

ठकूच्या पहिल्या आईची आई