सोमवारचा डाग

मुनिरका, नवी दिल्ली
९ जानेवारी १९७९

ती. सौ. सुहासिनीआत्यास, वृंदाचा नमस्कार.

रविवारी तुझ्याकडून सुखरूप पोचले. एक बातमी आहे, पण आतोबांनी ती फरीदाबादभर करू नये.

पालकाच्या पानातले हिरवे पडदे ऊन पकडतात. त्यांत स्निग्ध पदार्थ असतात. थंडीत ते घट्ट झाले तर पानाचं काम अडतं. म्हणून मी गच्चीवर गारठ्यात वाढलेला पालक सोमवारी तपासते, काचघरातला गुरुवारी. काचेच्या पट्टीच्या तळाशी अर्काचा थेंब ठेवायचा, द्रावण वर चढतं, आणि आयोडिनच्या वाफेत एकेका पदार्थाचा डाग दिसतो. गारठ्यातल्या पालकात अगदी वर एक डाग जास्तीचा येतो! सलग चार आठवडे आला. भाटियासरांनी सगळ्या विभागाला चहा पाजला. परिषदेसाठी सारांश पंचवीसला जायचा आहे. त्यात सरांचं नाव पहिलं, माझ्या प्रयोगशाळेतल्या श्यामचं दुसरं, माझं तिसरं.

पण आत्या, त्या पडद्यांत साखर जोडलेले स्निग्ध पदार्थच मुख्य असतात, आणि हा डाग साध्या तेलासारखा वागतो. उद्या खोटा ठरला तर माझ्या पीएच.डी.चं हसं होईल. येत्या रविवारी लिखाणामुळे यायला जमणार नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी वृंदा

फरीदाबाद
१२ जानेवारी

चि. वृंदास, भरभरून आशीर्वाद.

तुझ्या बाबांच्या बदल्यांपायी पाचवीपर्यंतची तुझी शाळा माझ्या ओट्यापाशीच भरली. तेव्हा वार-तारीख लिहायची सवय लावली, ती आज कामी आली बघ. गारठ्यातला पालक सोमवारी ना? आणि रविवारी तुझं डोकं कोणाच्या ताब्यात असतं? वाटीभर तेल जिरवते मी त्यात! गुरुवारपर्यंत तू न्हालेली असतेस. विचारात पडलीस की तू बटा मागे सारतेस. त्याच बोटांनी काच धरलीस तर पालक बिचारा काय करील?

आतोबा म्हणतात, सारांशात पहिलं नाव तुझ्या आत्याचं हवं. मी म्हटलं, हवंच.

शेजारच्या वीणाताई दिल्लीला निघाल्यात, त्यांच्याबरोबर तेलाची बाटली धाडते. ताडून बघ. खरं निघालं तर सरांना तूच सांग, दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. आधी त्यांना खुर्चीवर बसव.

जेवत जा वेळेवर, एवढंच मागणं.
तुझी आत्या

मुनिरका
२० जानेवारी

ती. सौ. आत्यास, पुन्हा नमस्कार.

या सोमवारी डोक्याला तेल नव्हतं, पट्टीवर डागही नव्हता. तुझ्या तेलाचा थेंब ठेवला, तो नेमका त्याच उंचीवर जाऊन बसला.

सरांना मीच जाऊन सांगितलं. खुर्चीवर बसवायला विसरलेच. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि एकेकाचा अंगठा पट्टीच्या तळाशी उमटवून घेतला. चूक माझी एकटीची आहे, असं मी दोनदा म्हणून पाहिलं. आयोडिनमधून पट्टी काढली तर सर्वांत गडद डाग सरांचाच! चौकशीअंती कळलं, ते रोज मिशीला तेल लावतात. ते स्वतः हसेपर्यंत कोणाची हसायची हिंमत झाली नाही.

डागाच्या ओळी त्यांनी स्वतःच्या हाताने खोडल्या. उरलं ते इतकंच, की गारठ्यात पालक नवं काही करत नाही. आहेत त्याच स्निग्ध पदार्थांची घडण जरा बदलतो, म्हणून पडदे घट्ट होत नाहीत. यावर कोणी चहा पाजत नाही. श्यामला लगेच आठवलं, की या कामात त्याचा हातभार फारसा नव्हताच. सरांनी नावं पुन्हा लिहिली. आता पहिलं माझं आहे.

सारांश आज टपालात पडला. त्यातल्या कोणत्याही ओळीची मला भीती वाटत नाही.

आतोबांना ही बातमी आता खुशाल गावभर करू दे.
तुझी वृंदा